पुतळ्यांची माळ आणि अंजनेरीची नाणी

माझ्या सासूबाईंच्या पेटीत चाळीस पुतळ्यांची एक माळ आहे. ती त्यांना त्यांच्या सासूबाईंकडून मिळाली. त्या सासूबाईंना ती कोणी दिली, केव्हा दिली, हे सांगणारे आता घरात कोणी उरलेले नाही. येत्या मार्गशीर्षात माझ्या धाकट्या दिरांचे लग्न आहे. माझ्या लग्नात आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला आपल्या पाटल्या दिल्या होत्या आणि ही माळ धाकट्या सुनेसाठी राखून ठेवली होती. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्यांनी ती पूजेला मांडायला काढली, तेव्हा तिचा रेशमी दोरा दोन ठिकाणी विरलेला दिसला. लग्नाआधी ती गाठवून घेणे भाग होते. शिवाय नव्या जोडप्याच्या देवघरासाठी टाक करायचे होते, मंगळसूत्राच्या वाट्या घ्यायच्या होत्या आणि रुखवतात ठेवायला तांब्याची कळशी व घंगाळ हवे होते. ही सगळी खरेदी एकाच दिवसात, दिवाळीच्या सुट्टीतल्या शेवटच्या शनिवारी उरकायची, असे ठरले.

अर्धा दिवस खरेदीत गेल्यावर मुलांची काय अवस्था होते, हे आम्हां दोघांनाही अनुभवाने माहीत होते. म्हणून यजमानांनी सुचवले की, सकाळी गावात खरेदी करावी आणि दुपारी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला असलेले नाण्यांचे संग्रहालय मुलांना दाखवावे. माझी थोरली लेक आठवीत आहे आणि धाकटा चौथीत. थोरलीला इतिहासाची आवड आहे. धाकट्याला गोष्टी मोजायला आणि वजन करायला आवडते, मग ती वस्तू कोणतीही असो. आई मात्र दुपारी घरी परतायचे म्हणत होत्या, कारण सोने अंगावर बाळगून गावाबाहेर फिरणे त्यांना पसंत नव्हते. धाकट्याने फारच आग्रह केला तेव्हा त्या तयार झाल्या. त्या आल्या नसत्या तर त्या दिवशी जे कळले ते कळलेच नसते, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवते.

गोदाघाटाच्या बाजूला गाडी लावून आम्ही सरकारवाड्याच्या अंगाने सराफ बाजारात शिरलो. पेशवेकाळातला हा वाडा आणि त्याला लागून असलेली सराफांची पेठ, ही जुन्या नाशकाची ओळख आहे. रस्ते अरुंद आहेत, दुकाने एकमेकांना चिकटलेली आहेत आणि गोदावरीला मोठा पूर आला की इथे पाणी शिरते. तरीही पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाईक आणि सराफ एकमेकांना धरून राहिले आहेत. आईंचे सराफही असेच. त्यांच्या वडिलांच्या काळापासून आमच्या घरचे व्यवहार त्या दुकानात होतात. आईंनी रुमालाची घडी उलगडून माळ पेढीवर ठेवली, तेव्हा सराफांनी सर्वांत आधी तिला हात जोडले आणि मगच ती उचलली.

गाठवण्याआधी माळेचे वजन करावे लागते आणि गाठवून झाल्यावर पुन्हा करावे लागते. दोरा कापला की पुतळ्या एका ताटलीत ओततात, मोजतात, गिऱ्हाइकाकडूनही मोजून घेतात. धाकट्याने एकेक पुतळी सरकवत चाळीस मोजल्या आणि आपली मोजणी सराफांच्या मोजणीशी जुळली याचा त्याला फार आनंद झाला. तेवढ्यात सराफांनी दोन पुतळ्या बाजूला काढल्या. बाकीच्या अडतीस पातळ होत्या, त्यांच्यावर लक्ष्मीची आकृती होती आणि त्या एकाच ठशातून निघाल्यासारख्या सारख्या होत्या. या दोन मात्र जाडसर, किंचित मोठ्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. त्यांच्यावर दोन उभट आकृत्या एका काठीच्या दोन बाजूंना दिसत होत्या. आमच्या घरात त्यांना रामसीतेच्या पुतळ्या म्हणत. सराफांनी कसोटीच्या काळ्या दगडावर दोन्ही प्रकारच्या पुतळ्यांचा कस लावून पाहिला. "आजी, या दोन्हींचं सोनं बाकीच्यांपेक्षा चोख आहे. अडतीस पुतळ्या बावीस कॅरेटच्या आसपास भरतील, या जवळजवळ शुद्ध आहेत," असे ते म्हणाले. त्यांनी त्या दोन पुतळ्यांचे वजन वेगळे केले. प्रत्येकी साडेतीन ग्रॅमला अगदी थोडे कमी. आईंना कसाचे आश्चर्य वाटले नाही. सासूबाईंच्या वस्तू चोखच असणार, असे त्यांचे म्हणणे होते. थोरलीने मात्र ते वजन मोबाइलमध्ये लिहून ठेवले.

सराफांनी वजनाचा विषय निघाला म्हणून मुलांना एका डबीतून गुंजा काढून दाखवल्या. लाल दाणा आणि त्यावर काळा ठिपका. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. तोळा खरे तर ११.६६ ग्रॅमचा, आज दुकानात दहा ग्रॅमला तोळा म्हणण्याची रीत पडली आहे, तो वेगळा. रानातल्या वेलीच्या बियांनी सोने तोलत असत, हे धाकट्याला पटेना. सगळ्या बिया सारख्या वजनाच्या कशा असतील, हा त्याचा प्रश्न मला योग्य वाटला. सराफांनी उत्तर दिले की, नसतात, म्हणून पारखून निवडून ठेवाव्या लागत. आणि निवडणाऱ्यावर विश्वास असावा लागे.

मंगळसूत्राच्या वाट्या घेताना त्यांनी भिंग मुलांच्या हातात दिले. वाटीच्या आतल्या बाजूला मानक ब्यूरोचा त्रिकोणी शिक्का, बावीस कॅरेटसाठी ९१६ हा आकडा, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने, आणि शेजारी सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक होता. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना दुकानात विकता येत नाही. उघड्या डोळ्यांना तो शिक्का म्हणजे केवळ एक खरचटा दिसतो. त्या खरचट्यावर भरवसा ठेवून आपण लाखांचे व्यवहार करतो, हा विचार तेव्हा मनात आला होता, पण त्याचे पुढचे टोक दुपारी हाती लागले.

माळ गाठवण्यासाठी पटवेकऱ्यांकडे गेली. त्यांचे दुकान म्हणजे एका जिन्याखालची चार फुटांची जागा. खुंटीला रेशीम अडकवून, ते पिळून, प्रत्येक पुतळीच्या नाकीतून ओवून दोन पुतळ्यांमध्ये गाठ बसवायची आणि शेवटी गोंडा करायचा, असे ते काम. आम्ही समोर बसून राहिलो. गाठ इतकी बारीक आणि सारखी बसते की दोरा तुटला तरी एखादीच पुतळी निसटते, सगळी माळ विखरत नाही. त्या दोन वेगळ्या पुतळ्या कुठे घालू, असे त्यांनी विचारले, तेव्हा "जिथं होत्या तिथंच, मागच्या बाजूला," असे आईंनी सांगितले.

टाकांचे काम पाहायला मुले सर्वांत जास्त रमली. आमच्या देवघरात खंडोबा, सप्तशृंगी, अन्नपूर्णा आणि पूर्वजांचे वीर असे टाक आहेत. घर वेगळे झाले की नव्या देवघराला नवे टाक लागतात. चांदीचा पातळ पत्रा पितळी ठशावर ठेवून ठोकतात, देवाची आकृती उठते, मग कडा कापून पत्रा नीट करतात. कारागिराने एक ठसा धाकट्याच्या हातात दिला. ठशात खंडोबा उलटा आणि खोल होता, पत्र्यावर तो सुलटा आणि उठावदार झाला. हे उलटसुलटाचे कोडे त्याने तीनदा पत्रा फिरवून पाहिले.

भांडी बाजारात फार वेळ लागला नाही. तांबे वजनावर मिळते, कळशीच्या घाटात आणि काठात काय पाहायचे ते आईंना ठाऊक होते. यंत्रावर दाबून काढलेली चकचकीत कळशी नाकारून त्यांनी मठारलेली घेतली, जिच्या अंगावर हातोडीचे ठोके खवल्यांसारखे दिसतात. मठारल्याने पत्रा घट्ट होतो आणि भांडे लवकर चेपत नाही. विकत घेतल्यावर नाव घालून घेतले. आमच्या घरातल्या जुन्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरलेली आहे, आणि त्यावरून कोणाचे लग्न कधी झाले हे आजही सांगता येते. माळेवर मात्र काहीच कोरलेले नाही. आईंनी हे वाक्य सहज उच्चारले, पण ते माझ्या मनात राहिले. दुपारचे जेवण मिसळीवर भागवले आणि आम्ही त्र्यंबक रस्त्याला लागलो.

या रस्त्याने मी लग्नानंतर किती वेळा गेले असेन याची गणती नाही. श्रावणातले सोमवार, ब्रह्मगिरीची फेरी, पाहुण्यांना त्र्यंबकेश्वराचे दर्शन. प्रत्येक वेळी अंजनेरीचा डोंगर डावीकडे दिसला की हात जोडायचे, कारण हे हनुमंताचे जन्मस्थान मानले जाते, आणि पुढे जायचे. त्याच डोंगराच्या पायथ्याशी १९८० पासून नाणकशास्त्राच्या अभ्यासाला वाहिलेली एक संस्था उभी आहे आणि तिचे संग्रहालय सर्वांसाठी खुले आहे, हे मला माहीत होते. पण तिथे उतरायचे मात्र कधी सुचले नव्हते. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारखे नाणेतज्ज्ञ या संस्थेचे पहिले संचालक होते. देशभरातले अभ्यासक जिथे शिकायला येतात, तिथे पंचवीस किलोमीटरवर राहणारे आम्ही इतक्या वर्षांनी गेलो, याची मला मनापासून खंत वाटली.

संग्रहालय भव्य नाही, आणि ते मला आवडले. खरी नाणी, प्रतिकृती आणि मोठी केलेली छायाचित्रे यांच्या आधाराने भारतातल्या नाण्यांची कथा पहिल्यापासून सांगितलेली आहे. छायाचित्रांचे महत्त्व तिथे गेल्यावर कळते, कारण नखाएवढ्या नाण्यावरची अक्षरे काचेबाहेरून कोणालाच वाचता येत नाहीत.

सुरुवात आहत नाण्यांपासून होते. चांदीचा पत्रा ठोकून पातळ करायचा, त्याचे तुकडे कापायचे, वजन जास्त भरले तर कोपरा छाटायचा आणि मग त्यावर एकेक छाप ठोकायचा: सूर्य, डोंगर, झाड, प्राणी, सहा आऱ्यांचे चिन्ह. मगध आणि मौर्य काळातल्या नाण्यांवर असे पाच छाप असतात. त्यावर राजाचे नाव नाही, चित्र नाही. वजन सुमारे ३२ गुंजा. गुंज हा शब्द ऐकताच धाकटा उभा राहिला आणि सकाळची डबी त्याला आठवली. नाण्याच्या मागच्या बाजूला अनेकदा बारीक बारीक खुणा दिसतात. नाणे बाजारात फिरत असताना पारख्यांनी ते तपासून त्यावर आपली खूण केलेली असते, असे अभ्यासक मानतात. सकाळी वाटीच्या आत भिंगातून पाहिलेला शिक्का आणि दोन हजार वर्षांहून जुन्या चांदीच्या तुकड्यावरची ही खूण यांचे काम एकच आहे: तुम्ही न ओळखणाऱ्या माणसाच्या हातून धातू घेत असाल, तर तो कोणीतरी आधी तपासला आहे, असे सांगणे. थोरलीने हे माझ्याआधी ओळखले आणि आजीला समजावून सांगितले, याचा मला अभिमान वाटला.

या नाण्यांना कार्षापण म्हणत. हा शब्द वाचताच तिला पांडवलेण्यांची शाळेची सहल आठवली. तिथल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात शक राजा क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून दिले आणि ते कोणत्या राजाच्या खजिन्यात ठेवले नाहीत, तर गोवर्धनात राहणाऱ्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले. गोवर्धन हे गाव आजही आपल्या गंगापूर रस्त्यावर आहे. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यायचा, असेही लिहिलेले आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. थोरलीने तिथेच हिशेब मांडला: दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे दोनशे चाळीस. हिशेब पै न पै जुळतो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या कोणा कारकुनाने मांडलेला हिशेब आठवीतल्या मुलीने बरोबर आहे म्हणून मान्य केला, तो क्षण मी विसरणार नाही. त्याच लेखात ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणून ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, असा भावही दिलेला आहे. आम्ही सकाळी पेढीवर सोन्याचा त्या दिवसाचा भाव विचारला होता. उषवदाताने आपल्या दिवसाचा भाव दगडात कोरून ठेवला.

त्याच नहपानाची चांदीची नाणी पुढच्या कपाटात दिसली आणि तिथे आईंचा चेहरा उजळला. कारण तिथे जोगलटेंभीचे नाव होते. आईंचे माहेर सिन्नर तालुक्यात, दारणेच्या काठाला. दारणा जिथे गोदावरीला मिळते, त्या जोगलटेंभीला त्या लहानपणी संगमावर स्नानाला जात. १९०६ मध्ये त्या गावात नाण्यांचा साठा सापडला: १३,२५० चांदीची नाणी, सगळी नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली आहेत. तीन कमानींचा डोंगर आणि एका बाजूला उज्जैनी चिन्ह, म्हणजे क्रूसाच्या चार टोकांना चार वर्तुळे. खालून नहपानाचे नाक आणि कपाळ अर्धवट दिसत राहते. नाणी वितळवून नवी पाडायला वेळ आणि इंधन लागते. ठसा ठोकला की तीच नाणी दुसऱ्या दिवसापासून नव्या राजाची म्हणून चालू लागतात, आणि ज्याच्या हाती पडतील त्याला कोण हरले व कोण जिंकले हे कळते. पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने आपल्या मुलाला नहपानाच्या खखरात वंशाचा निःशेष नाश करणारा म्हटले आहे. लेण्यातले ते शब्द आणि जोगलटेंभीतली ती नाणी एकमेकांची साक्ष देतात, आणि दोन्ही आपल्या जिल्ह्यातली आहेत. आई कितीतरी वेळ त्या छायाचित्रासमोरून हलल्या नाहीत. "आमच्या गावच्या मातीत एवढं होतं, आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही," असे त्या म्हणाल्या. त्यांच्या शाळेच्या पुस्तकात सातवाहनांचा धडा होता, जोगलटेंभीचे नाव त्यात नव्हते.

मध्ययुगातून आम्ही काहीसे घाईने गेलो, कारण धाकट्याला शिवराई पाहायची होती. तांब्याचा तो लहानसा पैसा, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. देवनागरी असल्यामुळे त्याला स्वतः वाचता आली, आणि वाचता आलेले नाणे हेच त्याच्या लेखी त्या दिवसातले सर्वांत मोठे नाणे ठरले. पेशवाईतल्या रुपयांवर मात्र मराठी टांकसाळीत पाडूनही दिल्लीच्या बादशहाचे नाव फारसीत असे, कारण लोकांचा विश्वास त्या ओळखीच्या रुपयावर बसलेला होता. नाशिकच्या टांकसाळीचे नाव त्यांवर गुलशनाबाद असे येते. मोगलांनी आपल्या शहराला दिलेले ते नाव. होळकरांच्या चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी रुपयाही एके काळी दूरवर चाले. नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याआधीही या जिल्ह्यात पैसा घडत होता, हे मुलांना त्या दिवशी समजले.

इंग्रजी अमदानीतल्या नाण्यांपाशी आईंनी सूत्रे हाती घेतली. एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे, एका पैशाच्या तीन पया, म्हणजे रुपयाच्या १९२ पया. हे कोष्टक त्यांनी एका दमात म्हटले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. त्यांच्या वडिलांच्या दुकानात पुढे कितीतरी वर्षे भाव आण्यात सांगत आणि हिशेब पैशांत करत. १९४३ ते १९४७ या काळातला मधोमध भोक असलेला पैसा दिसला तेव्हा त्यांना आपल्या आईची आठवण झाली. युद्धात धातू वाचवण्यासाठी तसा पैसा काढला होता. घरातल्या बायका ते पैसे सुतळीत ओवून खुंटीला अडकवत. इंग्रजी रुपयाचे वजन बरोबर एक तोळा, म्हणून चांदी, हळद किंवा औषध तोलायला रुपयाच मापासारखा वापरत आणि 'रुपयाभार' असे म्हणत. हे मी ऐकले होते, पण भार या शब्दातला अर्थ मला तिथे प्रथमच नीट जाणवला.

आम्ही निघण्याच्या बेतात असताना थोरलीने तिथे नोंदी घेत बसलेल्या एका अभ्यासकांना विचारले की, पुतळी म्हणजे काय. त्यांनी वहीतून मान वर केली आणि उलट विचारले की, हा प्रश्न तुला का पडला. आईंनी थोडा विचार केला, माझ्याकडे पाहिले आणि पदराआड धरलेल्या पिशवीतून माळ काढली. अडतीस पुतळ्यांवरून त्यांची नजर सहज फिरली. मागच्या दोन त्यांनी हात न लावता, आईंच्याच हातात ठेवून, भिंगातून बराच वेळ पाहिल्या.

पुतळी हे जुन्या मराठीत एका नाण्याचे नाव होते, असे त्यांनी सांगितले. ते नाणे म्हणजे इटलीतल्या व्हेनिस नगरराज्याचा डुकाट. १२८४ मध्ये तो प्रथम पाडला गेला आणि १७९७ मध्ये ते राज्य संपेपर्यंत, पाचशे वर्षे, त्याचे वजन, कस आणि चित्र जवळजवळ बदलले नाही: साडेतीन ग्रॅम, शुद्ध सोने. एका बाजूला त्यांचा संत मार्क उभा आहे आणि समोर राज्यप्रमुख गुडघे टेकून त्याच्याकडून ध्वज घेत आहे. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू ख्रिस्त उभा आहे. मिरी, मसाले आणि कापड यांच्या बदल्यात ही नाणी तांबड्या समुद्रामार्गे आपल्या किनाऱ्यावर येत. इथल्या लोकांना त्यावर उभ्या मानवी आकृत्या दिसल्या, म्हणून ती पुतळी. चोख सोने म्हणून बायकांनी तिला नाकी लावून गळ्यात घातले, आणि पुढे सोनारांनी लक्ष्मीचे ठसे करून तशाच पुतळ्या घडवायला सुरुवात केली. आमच्या घरी ज्यांना राम आणि सीता म्हणत, त्या आकृत्या एका समुद्रापलीकडच्या नगराच्या होत्या, आणि मधली काठी हा ध्वजाचा दांडा होता.

थोरलीने सकाळी लिहिलेले वजन आणि सराफांनी सांगितलेला कस त्यांना वाचून दाखवला. ते ऐकून त्यांना आनंद झाला, पण त्यांनी घाईने निष्कर्ष काढला नाही. कडेची अक्षरे त्यांनी आम्हाला भिंगातून दाखवली. ती रोमन अक्षरांसारखी दिसत होती, पण वाचता येत नव्हती; काही उभ्या रेघा, काही गोल. मूळ डुकाटावरची लॅटिन अक्षरे ज्याला येत नव्हती, अशा इथल्याच कारागिराने पाहून पाहून काढलेली ती असावीत, असे त्यांचे मत पडले. अशा नकला भारतात बऱ्याच झाल्या. "मग या खोट्या का?" असे आईंनी विचारले, आणि त्यांचा आवाज थोडा कापला. ते म्हणाले, "नाही आजी. सोनं खरं आहे, वजन खरं आहे. ज्यानं घडवल्या त्यानं सोन्यात काही कमी केलं नाही. फक्त त्याला ती अक्षरं वाचता येत नव्हती."

आईंनी माळ पुन्हा रुमालात गुंडाळली. परतीच्या वाटेवर बेळगाव ढगा हे गाव येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी मला विचारले की, सोमवारी पटवेकऱ्यांकडे पुन्हा जाता येईल का. त्या दोन पुतळ्या मागून काढून पुढे, पदकाच्या दोन्ही बाजूंना, घालून घ्याव्यात असे त्यांना वाटत होते. मी होकार दिला. त्यांना अजूनही त्या रामसीतेच्याच म्हणायच्या आहेत, आणि त्याला माझी काहीच हरकत नाही.

रात्री थोरलीने पाठकोऱ्या कागदावर नव्हे, तर आपल्या चांगल्या वहीचे पान फाडून त्यावर लिहायला घेतले: माळेत एकूण पुतळ्या ४०, लक्ष्मीच्या ३८, जुन्या धाटणीच्या २, प्रत्येकी साडेतीन ग्रॅमला थोड्या कमी, कस चोख, अक्षरे न वाचता येणारी. खाली तिने पणजीचे नाव, आजीचे नाव आणि येणाऱ्या काकूचे नाव लिहिले. पणजीच्या वरची ओळ तिने कोरी सोडली. आईंनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला, पेटीच्या तळाशी असलेल्या मखमलीखाली ठेवला आणि सोमवारी जाताना तो पिशवीत घ्यायची आठवण मला करून दिली.